महेंद्रपर्वत
महेंद्रपर्वत : कंबोडियातील ख्मेर राज्याच्या आरंभकाळातील एक प्राचीन राजधानी. अंकोरच्या ईशान्येस सु. ४० किमी. वर, फ्नोम कुलेन या वालुकाश्माच्या पठारावर, दाट अरण्याखाली तिचे अवशेष विखुरलेले आहेत. अकराव्या शतकातील स्डोक काक थोम येथील संस्कृत-ख्मेर शिलालेखात या नगराचा उल्लेख आहे. दुसऱ्या जयवर्म्याने येथे हिरण्यदाम नामक ब्राह्मणाकडून विधी करविला. कंबुजदेश ‘जावा’च्या अधीन राहू नये आणि तेथे एकच चक्रवर्ती असावा, हा त्यामागील हेतू लेखात स्पष्ट सांगितला आहे. ही घटना रूढ कालगणनेनुसार इ. स. ८०२ मधील मानतात.

नाव व स्थान असे ज्ञात असूनही नगराचे स्वरूप अज्ञातच होते. १९३६ मध्ये फिलिप स्टेर्न या फ्रेंच अभ्यासकाने पठारावरील अनेक विटांची मंदिरे व मूर्ती उजेडात आणल्या. परंतु ख्मेरांची घरे, किंबहुना राजवाडेही, लाकडाचे असल्याने मंदिरांमधील वस्तीचा मागमूस उरला नव्हता. पुढे हे पठार ख्मेर रूजच्या ताब्यात गेले आणि युद्धकाळात पेरलेल्या भूसुरुंगांमुळे तेथील पायी सर्वेक्षण दीर्घकाळ धोक्याचे ठरले.

ही कोंडी २०१२ मध्ये लायडार या हवाई पद्धतीने फुटली. हेलिकॉप्टरमधून सोडलेल्या असंख्य लेसर स्पंदांपैकी काही पर्णसंभारातील फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात. तेवढेच निवडून संगणकाद्वारे वृक्षरहित भूपृष्ठाचा नकाशा करता येतो. डेमियन एव्हान्स, झां-बाप्तिस्त शेव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नकाशांना प्रत्यक्ष पाहणी व उत्खनन यांची जोड दिली आणि २०१९ मध्ये सु. ४० ते ५० चौ. किमी. क्षेत्राची आखणी प्रसिद्ध केली. परस्परांना काटकोनात छेदणारे लांबच लांब मातीचे बांध, त्यांनी पाडलेले चौक, रोंग चेन हे पायऱ्यापायऱ्यांचे मंदिर, राजवाड्याचे आवार व एक अपूर्ण राहिलेला विशाल जलाशय तीत दिसतात. त्यामुळे विस्तीर्ण, रेखीव ख्मेर नगररचनेचा आरंभ अंकोरच्या मैदानाऐवजी या डोंगरावर झाला असावा, असे मानण्यास आधार मिळाला.

२०१३ मध्ये वृत्तपत्रांनी ‘हरवलेले नगर सापडले’ असा गाजावाजा केला, तो यथार्थ नाही. कुलेनवरील ग्रामस्थांना ही मंदिरे परिचित होती. नव्याने सापडली ती त्यांना जोडणारी नगररचना. राजधानी येथे फार काळ टिकली नाही. जयवर्मा पुढे मैदानातील हरिहरालय येथे गेला. मात्र येथील एका जलाशयातील गाळाच्या परीक्षणावरून, त्यानंतरही काही शतके पठारावरील जमीन वापरात होती, असे दिसते.