'यू' म्हणजे मुळात 'तुम्ही'

इंग्रजीच्या तासाला जुनी कविता आली, की 'दाऊ' या शब्दापाशी मुले अडतात. अर्थ विचारला तर 'आपण' असे सांगतात. प्रार्थनेत येतो, म्हणजे आदराचाच असणार! वास्तविक 'दाऊ' म्हणजे साधा 'तू'. आदराचा शब्द होता तो 'यू'.

प्राचीन इंग्रजीत हा प्रश्नच नव्हता. एकाला 'दाऊ', अनेकांना 'यी'. मग समोर राजा असो वा गुलाम. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच आली. मोठ्या माणसाला अनेकवचनाने संबोधण्याची फ्रेंच रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीत उतरली. वरिष्ठांना 'यी' वा त्याचेच रूप 'यू'. नोकराचाकरांना, लेकरांना व जिवलगांना 'दाऊ'. आपल्या घरी उर्दूत 'तू', 'तुम', 'आप' चालते, तसाच हा प्रकार.

या शब्दाने अपमानही करता येई. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्या सरदाराला मुद्दाम 'दाऊ' म्हटले, आणि तसे म्हणत असल्याचे बोलूनही दाखविले.

१६११ च्या बायबल-भाषांतराने मात्र मूळ भाषांतील एकवचन पाळले. तेथे ईश्वरालाही 'दाऊ' आणि चाकरालाही 'दाऊ'. बोलण्यातून शब्द गेला, ग्रंथात राहिला. म्हणून तो आज भारदस्त वाटतो.

याच शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथीयांनी हट्ट धरला: माणूस एक, तर शब्दही एकवचनी, एकाला अनेकवचन लावणे ही खोटी खुशामत. त्याची किंमतही त्यांनी मोजली. थॉमस एलवुड हा तरुण १६५९-६० च्या सुमारास या पंथात गेला. वडील न्यायाधिकारी. मुलगा आपल्याला 'दाऊ' म्हणतो हे ऐकून त्यांनी त्याला मारले, पुन्हा म्हणालास तर दात पाडीन असा दम भरला. (आपल्याकडे तरी कोणत्या घरात वेगळे घडले असते?) मुलाने शब्द सोडला नाही.

पण लोकांनी सोडला. समोरच्याचा दर्जा नक्की ठाऊक नसला तर 'यू' म्हणणे सुरक्षित! यॉर्कशायरसारख्या भागांतील बोलींत 'दाऊ' पुष्कळ काळ टिकला. प्रमाण इंग्रजीत उरला एकटा 'यू', मालकाला तोच आणि मोलकरणीलाही तोच. म्हणून इंग्रजी गोष्ट मराठीत उतरविताना प्रत्येक 'यू'पाशी आपल्याला थांबावे लागते: बोलणारा कोण, ऐकणारा कोण? शब्दकोश तेथे मदत करीत नाही.