नंदुरबार जिल्ह्यातील वनौषधींचा व्यवहार : भगत, आठवडे बाजार आणि काष्ठौषधीचे दुकान – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला वसलेला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे या जिल्ह्याचे सहा तालुके होत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी इत्यादी आदिवासी समाज, तापीकाठचा गुजर-पाटीदार शेतकरी आणि शहरांतील हिंदू, मुस्लिम व जैन व्यापारी अशी येथील समाजरचना आहे. भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजराती आणि मराठी या भाषा एकाच बाजारात कानी पडतात.

अशा बहुभाषिक, बहुधर्मीय प्रदेशात वनौषधींचा व्यवहार हा आरोग्याचा, श्रद्धेचा आणि अर्थकारणाचा एकत्रित विषय ठरतो. तालुक्याच्या गावी आढळणाऱ्या काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा, बेहडा, आवळकाठी, शतावरी, मुरडशेंग यांच्या शेजारीच कापूर, धूप, गुग्गुळ, ऊद, लोबान, नाडा, कुंकू आणि अष्टगंध मांडलेले असते. औषध आणि उपासना यांची सामग्री एकाच फळीवर ठेवणारे हे दुकान आजवर इतिहासलेखनाने फारसे विचारात घेतलेले नाही. राजकीय उठाव आणि भूमिहक्काचे लढे यांच्या तुलनेत दुकानाचा इतिहास किरकोळ वाटतो. परंतु ज्ञान कोणाचे, नफा कोणाचा आणि दोष कोणाच्या माथी, हे प्रश्न या किरकोळ वाटणाऱ्या व्यवहारातूनच स्पष्ट होतात.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) नंदुरबार परिसरातील वनौषधी व्यवहाराचे ऐतिहासिक टप्पे समजून घेणे.
२) भगत, संकलक आणि दुकानदार या तीन घटकांतील संबंध तपासणे.
३) या व्यवहाराची सर्वसमावेशकता आणि तिच्या मर्यादा यांचे विवेचन करणे.

संशोधन पद्धती : प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) दुकानापूर्वीची व्यवस्था : सातपुड्यातील आदिवासी समाजात रोगनिदान आणि उपचार यांची जबाबदारी परंपरेने भगत किंवा बडवा याच्याकडे असे. दाणे टाकून आजाराचे कारण शोधणे, देवाला नवस बोलणे आणि त्याचबरोबर झाडपाल्याचे औषध देणे ही तिन्ही कामे तो करी. त्याच्या दृष्टीने कुड्याची साल आणि देवापुढचा नारळ या दोन वेगळ्या कोटींतील वस्तू नव्हत्या. मोबदला रोखीत ठरलेला नसून नारळ, कोंबडे, धान्य अशा रूपात दिला जाई. याखेरीज घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना बाळंतपण, ताप, हगवण यांवरील मुळ्या-पाल्यांची माहिती असे. अडुळसा, गुळवेल, बेल, पळस, बिब्बा यांचा उपयोग भगताकडे न जाताही होत असे. म्हणजेच हे ज्ञान एका व्यक्तीच्या मालकीचे नसून कुटुंब, पाडा आणि जंगल यांत विखुरलेले होते.

देवता आणि आरोग्य यांचे नातेही येथे घट्ट आहे. अश्वत्थाम्याच्या भळभळत्या जखमेच्या कथेशी जोडलेली अस्तंब्याची दिवाळीतील यात्रा आणि याहामोगी म्हणजेच देवमोगरा मातेची महाशिवरात्रीची यात्रा या दोन्हींना सातपुड्याच्या दोन्ही अंगांचे लोक जातात. देवमोगरा आज गुजरात राज्यात असले तरी महाराष्ट्रातील भाविकांच्या दृष्टीने ही सीमा गौण आहे.

आ) वसाहतकालीन बदल : १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली आणि डोंगराळ भागावर शासनाची पकड बसू लागली. यापेक्षाही दूरगामी परिणाम १८७८ च्या भारतीय वन कायद्याचा झाला. जंगलाचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण झाल्याने मोह, डिंक, चारोळी, मुळ्या गोळा करणे हा पूर्वापार अधिकार न राहता शासनाने दिलेली सवलत बनली. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये जंगल आणि त्यातील उत्पादनांची तपशीलवार नोंद आहे; परंतु नोंद करणाऱ्याची दृष्टी महसूल आणि व्यापार यांची होती.

१९०० च्या सुमारास सुरत ते खानदेश अशी तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली. नवापूर, नंदुरबार ही गावे सुरतेच्या बाजारपेठेशी जोडली गेली. डोंगरातून टोपलीने उतरणारा माल आता लांबच्या बाजारात जाऊ शकत होता. या साखळीत पाड्यावरचा संकलक, आठवडे बाजारातील खरेदीदार, तालुक्याचा व्यापारी आणि शहरातील घाऊक पेढी असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावर मालाची किंमत वाढते, मात्र मालाबरोबर आलेली माहिती – कोणत्या डोंगराची मुळी, कोणत्या महिन्यात काढलेली, कोणी ओळखलेली – गळून पडते. दुकानाच्या बरणीवर केवळ वनस्पतीचे नाव उरते.

याच काळात ग्रंथबद्ध वैद्यक संघटित होत होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाची सुरुवात झाली. पुढे १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यावसायिक कायद्याने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी सुरू झाली. या घडामोडींमुळे वैद्याला प्रतिष्ठा मिळाली ही जमेची बाजू होय. तथापि ज्याचे ज्ञान पोथीत नव्हते तो भगत, वैदू आणि सुईण नोंदणीबाहेर राहिले.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. सतराव्या शतकात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात इट्टी अच्युतन या केरळातील वैद्याचे नाव आणि त्याचे निवेदन समाविष्ट आहे. परकीय सत्ताधाऱ्याने करवून घेतलेल्या त्या कामातही माहिती देणाऱ्याचा उल्लेख राहिला. सातपुड्यातील माहितगारांच्या वाट्याला असा उल्लेख क्वचितच आला. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिअ‍ॅनम असे आहे. त्यात मुंबईजवळील बोरिवलीची खूण आहे, ती खणून काढणाऱ्या आदिवासीची नाही.

इ) श्रद्धेतून सुधारणा : आदिवासींची श्रद्धा म्हणजे केवळ अंधश्रद्धा, हे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १९२२ मधील देवीची चळवळ हे याचे ठळक उदाहरण होय. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये देवीच्या साथीच्या शांतीसाठी सुरू झालेला हा विधी दक्षिण गुजरात, नाशिक आणि खानदेशाच्या आदिवासी पट्ट्यात पोहोचेपर्यंत दारूबंदी, स्वच्छता आणि दारू विक्रेत्यांवरील बहिष्कार यांची चळवळ बनला होता. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीचा विस्तृत अभ्यास केला आहे. रोगाच्या भीतीतून निघालेली वाट सामाजिक स्वाभिमानाकडे गेली, असे यावरून म्हणता येईल.

१९३७-३८ मध्ये तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराज यांनी आरतीच्या माध्यमातून दारूत्याग, स्नान आणि सदाचार यांचा पुरस्कार केला. परस्परांना ‘आप’ असे आदराने संबोधण्याची त्यांची शिकवण विशेष महत्त्वाची आहे. सावकार, पोलीस आणि व्यापारी यांच्याकडून सदैव एकेरी ऐकणाऱ्या समाजाला तिने नवी प्रतिष्ठा दिली. १९३८ मध्ये गुला महाराजांचे निधन झाल्यानंतर रामदास महाराजांनी हे कार्य पुढे नेले. १९७० च्या दशकात शहादा परिसरातील श्रमिक चळवळीत स्त्रियांनी दारूविरोधी आघाडी उभारली, तिच्या पार्श्वभूमीवरही हा वारसा लक्षात घ्यावा लागतो.

ई) समावेशकतेच्या मर्यादा : काष्ठौषधीच्या दुकानाची फळी एका अर्थाने खुली आहे. सत्यनारायणासाठी कापूर, दर्ग्यासाठी ऊद-लोबान, बाळंतिणीसाठी डिंक आणि भगताने सांगितलेली मुळी हे सर्व एकाच तराजूत तोलले जाते. गिऱ्हाइकाची जात वा धर्म न पाहता होणारा हा व्यवहार ग्रामीण जीवनातील सलोख्याचा एक आधार मानता येईल. मात्र ही समावेशकता प्रामुख्याने विकत घेणाऱ्यांसाठी आहे. माल आणणाऱ्याला भाव ठरवण्याचा अधिकार नसे. यावर उपाय म्हणून महाराष्ट्र शासनाने १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन केले आणि १९७६ च्या कायद्याने एकाधिकार खरेदीचा मार्ग खुला केला.

दुसरी मर्यादा अधिक वेदनादायक आहे. ज्या विश्वासव्यवस्थेत रोगाचे कारण अदृश्य शक्तीत शोधले जाते, तेथे त्या शक्तीचा धारक म्हणून एखाद्या व्यक्तीवर बोट ठेवले जाण्याचा धोका असतो. सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवल्या गेलेल्या स्त्रियांना मारहाण, बहिष्कार आणि प्रसंगी मृत्यू सोसावा लागला आहे. अजय स्कारिया यांनी पश्चिम भारतातील वसाहतकालीन संदर्भात या हिंसेचे विश्लेषण केले आहे. ज्या स्त्रियांनी घराघरांत औषधी ज्ञान जपले, त्याच समाजघटकावर हा आरोप यावा, हा या परंपरेतील मोठा अंतर्विरोध होय. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाला गुन्हा ठरवतो; तसेच सर्पदंश, श्वानदंश झालेल्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही त्यानुसार गुन्हा आहे. या कायद्याने भक्ती वा झाडपाल्याचे औषध यांवर बंदी घातलेली नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

तिसरी मर्यादा निसर्गाची आहे. सफेद मुसळीची मुळे काढली की झाड संपते. बी पडण्यापूर्वीच खणल्यास पुढील पिढीही उगवत नाही. चारोळी लवकर मिळावी म्हणून फांद्या तोडल्यास पुढील हंगाम बुडतो. बाजारात मागणी वाढते तेव्हा जंगलातील साठा घटतो आणि त्याची झळ प्रथम पाड्यावरील कुटुंबास बसते.

उ) सद्यःस्थिती आणि कायदा : औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये झाला. त्यामुळे ठरावीक रोग बरे करण्याचे दावे जाहिरातीतून करता येत नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजांवर वननिवासींची मालकी मान्य केली; जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान यांवरील सामूहिक हक्कही मान्य केला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांमार्फत लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा वापर करणाऱ्यांना लाभ-वाटपाच्या बंधनातून सवलत दिली. ज्यांचे ज्ञान मौखिक आहे त्या सातपुड्यातील समाजांच्या दृष्टीने ग्रंथबद्ध कशाला म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे कळीचा बनला आहे.

निष्कर्ष :

१) नंदुरबार परिसरातील वनौषधी परंपरेत औषध व उपासना यांचे विभाजन नव्हते. काष्ठौषधीच्या दुकानातील मांडणीत हे ऐक्य अंशतः टिकून आहे.

२) १८७८ नंतरची वनव्यवस्था आणि रेल्वेमुळे विस्तारलेली बाजारपेठ यांमुळे संकलकाचा हक्क व श्रेय दोन्ही क्षीण झाले.

३) देवीची चळवळ आणि गुला महाराजांचे कार्य यांवरून श्रद्धेमध्ये आत्मसुधारणेची क्षमता असल्याचे दिसून येते, डाकीण प्रथा त्याच श्रद्धाविश्वाची दुसरी, निषेधार्ह बाजू दाखवते. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही.

४) सर्व धर्मीयांना माल विकणे एवढ्याने दुकान समाजाभिमुख ठरत नाही. ग्रामसभेच्या हक्काचा माल योग्य भावाने घेणे, मुळीचे उगमस्थान व माहितगार समाज यांची नोंद ठेवणे, खोटे दावे टाळणे, गंभीर रुग्णास दवाखान्याची वाट दाखवणे आणि कोणावरही करणीचा आळ येईल असा सल्ला न देणे, हे त्याचे किमान निकष मानावे लागतील.

५) जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, वनस्पतिशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांनी स्थानिक जैवविविधता समित्यांच्या सहकार्याने मौखिक ज्ञानाची नोंद करणे निकडीचे आहे. ही नोंद ज्ञानधारकांच्या संमतीने व त्यांच्या भाषेत व्हावी आणि तिच्यावरील हक्क त्यांच्याकडेच राहावा. अन्यथा बरणीवर वनस्पतीचे नाव तेवढे उरण्याची जुनी प्रक्रिया कागदावर पुन्हा घडण्याची शक्यता आहे.