'नाही' म्हणणारा सल्लागार

शणै म्हटले की गोव्यात पहिली आठवण शणै गोंयबाबांची. मग वाद सुरू होतो, आणि तो लवकर संपत नाही! आज मात्र एका वेगळ्याच शणैंबद्दल लिहायचे आहे. त्यांचा भाषावादाशी काही संबंध नव्हता. त्यांचे भांडण रुपयाशी होते.

बेल्लीकोत रघुनाथ शेणॉय. जन्म १९०५ चा, कासरगोडच्या बाजूला कान्हनगडजवळच्या बेल्लीकोत गावातला. पोर्तुगीज काळात गोवा सोडून जी सारस्वत घराणी दक्षिणेला गेली, त्यांच्यात हे आडनाव भरपूर सापडते. मंगळूरपासून कोचीपर्यंत शेणॉय, पै, कामत, प्रभू पसरलेले आहेत. त्यातले बहुतेक व्यापारात आणि बँकांत रमले. हे शेणॉय अर्थशास्त्रात शिरले. बनारस हिंदू विद्यापीठात शिकून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. फ्रीडरिश हायेक त्याच सुमारास तिथे आले होते. सरकारने नोटा छापून स्वस्त पैसा ओतला की अर्थव्यवस्थेची आतली घडी कशी विस्कटते, हे हायेकचे सांगणे शेणॉयांच्या मनात कायमचे बसले.

परत आल्यावर त्यांनी सिलोनमध्ये शिकवले, तिथल्या चलनावर पुस्तक लिहिले. पुढे १९४० च्या दशकात ते रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात आले. त्या वेळी बँकेचे गव्हर्नर होते आपले चिंतामणराव देशमुख. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. १९५४ च्या सुमारास शेणॉय अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या समाजशास्त्र संस्थेचे संचालक झाले आणि सुमारे चौदा वर्षे तिथेच राहिले.

१९५५ साल देशात उत्साहाचे होते. पहिली पंचवार्षिक योजना बरी पार पडली होती. पाऊस चांगला, धान्य मुबलक, आणि भाव तर योजनेच्या सुरुवातीपेक्षाही खाली आलेले. जानेवारीत आवडीच्या काँग्रेस अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. प्राध्यापक महालनोबिस यांनी दुसऱ्या योजनेचा आराखडा मांडला : पोलाद, यंत्रे, अवजड उद्योग. नेहरूंचा त्याला पूर्ण पाठिंबा. या आराखड्यावर मत देण्यासाठी देशातल्या वीसेक नामवंत अर्थतज्ज्ञांचे मंडळ नेमले गेले. अध्यक्ष अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. सभासदांत शेणॉय.

एप्रिलमध्ये मंडळाचे निवेदन तयार झाले. आराखडा मोठा आहे, पण पेलण्याजोगा आहे, असा त्याचा एकूण सूर. बाकीच्यांनी मान्यता दिली. शेणॉयांनी दिली नाही. त्यांनी स्वतंत्र भिन्नमतपत्रिका लिहिली. मंडळात अशी पत्रिका लिहिणारे ते एकटेच.

या पत्रिकेत घोषणाबाजी नाही. ती मोजक्या पानांची आहे आणि एखाद्या जुन्या कारकुनाने हिशेब तपासावा तशी लिहिलेली आहे. मुद्दे साधारण तीन. पहिला, योजनेचा आकार देशाच्या बचतीला झेपणारा नाही. हुकूमशाही राजवट लोकांच्या तोंडचा घास काढून कारखाने उभारू शकते, लोकशाहीला ते शक्य नाही आणि करूही नये. दुसरा, कमी पडणारा पैसा तुटीच्या अर्थभरण्याने, म्हणजे नवा पैसा निर्माण करून, उभारायचा हे धोकादायक आहे. तिसरा, उद्योगांचे राष्ट्रीयीकरण वाढवणे, नियंत्रणे चालू ठेवणे आणि सरकारने शेतमालाचे भाव बांधून देणे हे मार्ग चुकीचे आहेत.

यातला दुसरा मुद्दा त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा गाभा आहे, म्हणून थोडा समजून घेऊ. सरकारकडे शंभर रुपये आहेत आणि खर्च सव्वाशेचा. वरचे पंचवीस रिझर्व्ह बँकेने सरकारची हुंडी घेऊन खात्यावर टाकले. सिमेंट, लोखंड, तांदूळ मात्र होते तेवढेच. नवे पंचवीस रुपये घेऊन सरकार बाजारात आधी पोचते आणि आपला वाटा उचलते. मागे राहिलेल्यांना तोच तांदूळ जास्त पैशांनी घ्यावा लागतो. म्हणजे हा करच झाला, फक्त विधिमंडळात मांडलेला नाही. तो सर्वांत जास्त भरतो पगारदार, पेन्शनर आणि मजूर, ज्याची मिळकत भावांबरोबर वाढत नाही. दुसऱ्या योजनेत सार्वजनिक क्षेत्राचा खर्च ४,८०० कोटी ठरला, आणि त्यातले १,२०० कोटी या मार्गाने यायचे होते. गंमत अशी, की रिझर्व्ह बँकेने सरकारला तात्पुरत्या हुंड्यांवर आपोआप पैसे देण्याची व्यवस्थाही याच १९५५ सालची. ती बंद व्हायला १९९७ उजाडले.

त्याच वर्षी मिल्टन फ्रीडमन भारतात आले होते. त्यांनी भारत सरकारला दिलेल्या टिपणाचा रोख बराचसा शेणॉयांसारखाच होता. ते टिपण अनेक वर्षे अप्रकाशित राहिले. शेणॉयांची पत्रिका निदान सरकारने छापली. छापली आणि बाजूला ठेवली.

मग काय झाले? योजना १९५६ मध्ये सुरू झाली. पाच वर्षांत मिळून परकीय गंगाजळीतून सुमारे २०० कोटी काढायचे ठरले होते. ती मर्यादा पहिल्याच वर्षी संपली. १९५७ मध्ये परकीय चलनाची टंचाई एवढी वाढली की आयातीवर कडक बंधने आली. १९५८ मध्ये योजना छाटून ४,५०० कोटींवर आणावी लागली, आणि त्याच वर्षी मदत देणाऱ्या देशांचा गट जमवावा लागला. योजनेच्या पाच वर्षांत घाऊक भाव सुमारे ३० टक्क्यांनी चढले.

आता चिंतामणरावांकडे येऊ. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. आपण मराठी माणसे ती गोष्ट अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. पण आदल्याच वर्षी त्याच देशमुखांच्या अध्यक्षतेखाली दुसऱ्या एका माणसाने एकट्याने 'नाही' म्हटले होते, हे आपल्याला माहीत नसते. राजीनाम्यामागे रस्त्यावर उतरलेला समाज होता. भिन्नमतपत्रिकेमागे कोणी नव्हते.

शेणॉय मात्र गप्प बसले नाहीत. सरकारदरबारी फारशी किंमत उरली नाही तशी ते वर्तमानपत्रांतून, व्याख्यानांतून, पुस्तकांतून बोलत राहिले. पूर्व आणि पश्चिम बर्लिन पाहून त्यांनी १९६० मध्ये दोन्हींची तुलना करणारा निबंध लिहिला. रुपयाची सरकारी किंमत खोटी आहे, आयात परवाना म्हणजे परवानेवाल्याला दिलेले इनाम आहे आणि ते इनाम गरीब ग्राहकाच्या खिशातून जाते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा मांडले.

हे सिद्धांत म्हणून वाचले तर रुक्ष वाटते. पण गोव्यातल्या जुन्या माणसांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. १९५५ नंतर भारताची आर्थिक नाकेबंदी होती, तरी पोर्तुगीज गोव्याचा बाजार खनिजाच्या पैशावर परदेशी मालाने भरलेला होता. पलीकडे बांद्याला, कारवारला त्याच घड्याळाची, त्याच सोन्याची किंमत कितीतरी जास्त. मग सोने रात्री सीमा ओलांडायचे. त्यात गोवेकराची हुशारी कमी आणि दोन किमतींतले अंतर जास्त होते. चोरटी आयात हा रुपयाच्या खोट्या किमतीचा पुरावा आहे, असे शेणॉय म्हणत. सरकारचा उपाय वेगळा होता : १९६३ चे सुवर्ण नियंत्रण. त्याने सोनार उपाशी राहिले, सोने येतच राहिले.

६ जून १९६६ ला डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. शेणॉय जिंकले असे वाटावे, पण नाही. त्यांना अवमूल्यनाबरोबर परवान्यांचे जाळेही सुटायला हवे होते. ते थोडे सैल झाले आणि पुन्हा आवळले गेले. त्यात दोन वर्षांचा दुष्काळ. औषध अर्धे दिले आणि खापर औषधावर फुटले.

त्यांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. शेतमालाला सरकारने भाव बांधून देण्याला त्यांचा विरोध होता. पण १९६५ नंतर नव्या बियाण्यांबरोबर हमीभाव मिळाला, म्हणून पंजाबच्या शेतकऱ्याने धोका पत्करला, हे नाकारता येत नाही. पोलाद आणि यंत्रे यांतून आलेले कसबही वाया गेले नाही. बाजारावरचा त्यांचा विश्वास कधी कधी श्रद्धेच्या जवळ जायचा.

फेब्रुवारी १९७८ मध्ये शेणॉय गेले. १९९१ मध्ये गंगाजळी आटली, देशाचे सोने परदेशी गहाण पडले. मग जुलैत रुपयाचे अवमूल्यन आणि परवाना पद्धतीचा शेवट, दोन्ही एकाच महिन्यात झाले. तेव्हा काही जणांना अहमदाबादच्या त्या प्राध्यापकाची आठवण झाली.

सरकारला समित्या नेमायला आवडते. दिल्लीत काय आणि पणजीत काय! पाहुणचार होतो, बैठका होतात, अहवालाखाली सह्या होतात. पुढच्या वेळी असा अहवाल हाती आला तर शेवटची पाने आधी उघडून पाहा. एखाद्या सभासदाने आपले वेगळे मत नोंदवले असेल तर ते आधी वाचा. पटलेच पाहिजे असे नाही. १९५५ मध्ये तेवढे जरी झाले असते, तरी १९५७ एवढे अचानक आले नसते.