गोधडीची बखर

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले उभे राहतात. आमच्या काशीमिऱ्याजवळचा घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला, हे मी वर्गात दरसाल शिकवते. घरच्या बखरीकडे मात्र माझे लक्षच नव्हते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आजीची गोधडी मी बोहारणीपुढे टाकली. "बाई, हे फाटकं कोण घेणार?" म्हणून तिने ती परत केली. बरे झाले!

विरलेल्या सुती लुगड्यांचे थर, वर चिंध्यांची ठिगळे आणि कडेकडून मध्याकडे जाणारा धावदोरा, अशी ही गोधडी. तिच्यावर तारखा नसतात. कापडच साल सांगते. अमेरिकेत बटरिकने १८६३ साली कपड्यांचे कागदी बेत विकायला काढले. आजीला जुने वर्तमानपत्र पुरे. त्यावर ती झबली बेते, आणि उरलेली कातरण गोधडीत जाई. जुनी ठिगळे आजोबांच्या मांजरपाटाच्या सदऱ्यांची. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आजोबाही होते. पुष्कळांचे काम पुन्हा मिळालेच नाही. पुढच्या डागडुजीला मांजरपाट नाही. स्वस्त, झुळझुळीत पॉलिएस्टर आहे. ते विटत नाही, पण घामही टिपत नाही.

अगदी शेवटच्या ठिगळावर टाके लांबलांब, वाकडे पडले आहेत. तेव्हा आजीची नजर अधू झाली होती. ते ठिगळ एका कडेला उसवले आहे. यंदा फराळाआधी मी सुईत दोरा ओवला आहे.