मांसाच्या मागे राहिलेले हाड

काशीच्या शिंदे घाटावर गेलेला मराठी यात्रेकरू तेथील कललेले रत्नेश्वर मंदिर पाहून थबकतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास बांधविलेला हा घाट स्वतःच्याच भाराने खचला, असे सांगितले जाते. भार आणि आधार यांचे हेच गणित गॅलिलिओने १६३८मधील आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांना लावले होते. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट झाले, तर वजन आठपट होते. हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढते.

या नियमाची कठोर परीक्षा विसाव्या शतकात मांसल कोंबडीवर झाली. अमेरिकेत १९४८ व १९५१ साली ‘उद्याची कोंबडी’ निवडण्याच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. छाती भरदार हवी, वाढ लवकर हवी. हाडाला बाजारात वेगळा भाव नव्हता. पुढे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतील वाण एकाच खाद्यावर वाढविले. ५६व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य तेच असल्याने हा फरक पैदाशीचा होता, हे निर्विवाद.

हाड दुबळे का राहते? वेगाने वाढणाऱ्या पक्ष्यात नडगीच्या हाडाचा घेर भराभर वाढतो. पण नव्या थरांतील पोकळ्या भरून यायला आणि खनिजे पुरेशी साठायला अवधी मिळत नाही. बाहेरून जाड दिसणारे हाड आतून सच्छिद्र राहते. काही पक्ष्यांत तर नडगीच्या वरच्या टोकाशी कूर्चेचे हाडात रूपांतरच अडते. हा विकार १९६५ साली प्रथम वर्णिला गेला. केवळ कॅल्शियम वाढवून तो मिटत नाही, कारण तुटवडा बहुधा वेळेचा असतो.

संगोपनाचे महत्त्व येथेच आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासली गेली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सरासरी ४०व्या दिवशी २७.६ टक्के पक्ष्यांची चाल सदोष होती. दाट गर्दी आणि अंधाराचे कमी तास असलेल्या शेडांत दोष अधिक आढळला. अंधारात पक्षी खात नाही, वाढीचा वेग किंचित मंदावतो, आणि हाडाला उसंत मिळते. युरोपीय संघाच्या २००७च्या नियमांनी दिवसात किमान सहा तास अंधार बंधनकारक केला, त्यांपैकी चार तास सलग. पैदास कंपन्यांनीही पुढे पायांच्या दोषांवर लक्ष ठेवून निवड सुरू केली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

महाराष्ट्रात १९७१ साली स्थापन झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांमुळे हा व्यवसाय गावोगाव पोहोचला. भाताच्या तुसावर, पडद्यांच्या शेडमध्ये पक्षी वाढतात आणि सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला जातात. करारावर पक्षी वाढविणाऱ्या शेतकऱ्याचा मोबदला मुख्यतः वजन, खाल्लेले खाद्य आणि मरतूक यांवर ठरतो. पाणी-खाद्यापर्यंत चालत न जाऊ शकलेला पक्षी दगावला, की तो या हिशेबात मरतुकीच्या रकान्यात दिसतो. नडगीच्या हाडासाठी तेथे वेगळा रकाना नसतो.