स्थायी वननमुनाक्षेत्र

जंगलाचा एक तुकडा कायमचा आखून त्यातील प्रत्येक झाडाची ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजणी करण्याची पद्धत. हवामान बदलाचे जंगलांवरील परिणाम तपासण्याची ही सर्वांत रटाळ आणि बहुधा सर्वांत भरवशाची रीत आहे. उपग्रहाला जंगलाची हिरवाई आणि उंची दिसते. पण गर्द छायेतले कोणते झुडूप मेले आणि त्याच्या जागी कोणत्या जातीचे रोप आले, हे तिथे जाऊन मोजणाऱ्यालाच कळते.

पनामातील बारो कोलोरॅडो बेटावरील क्षेत्र या पद्धतीचा नमुना ठरले. पनामा कालव्यासाठी नदी अडवल्यावर जी टेकडी पाण्याबाहेर उरली तेच हे बेट. तेथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी 1980 मध्ये 50 हेक्टर जंगल आखले. खोडाचा व्यास 1 सेंटिमीटर भरला की झाडाला क्रमांकाचा बिल्ला मिळतो, जात नोंदली जाते, नकाशावर जागा ठरते. अशी दोन लाखांहून अधिक झाडे, सुमारे 300 जातींची. 1985 पासून दर पाच वर्षांनी शिरगणती होते. व्यास जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजतात (भारतीय वनखात्याची ‘छातीची उंची’ 1.37 मीटर आहे, हे आकडे ताडून पाहताना ध्यानात ठेवावे लागते). बुंध्याला आधारमुळांचे पंख फुटलेले असतील तर मोजपट्टी त्यांच्या वर धरतात. पहिल्या दोन शिरगणत्यांत बारीक खोडांची मापे 5 मिलिमीटरच्या टप्प्यांत लिहिली होती, पुढे 1 मिलिमीटरपर्यंत; ही तफावत काढून न टाकता वाढीचा वेग मांडला तर उत्तर चुकते.

पहिली शिरगणती होते न होते तोच 1982-83 च्या एल निनोने बेटावर कडक कोरड पडली. त्या काळातील मरणदर नंतरच्या पाच वर्षांपेक्षा जास्त निघाला, आणि ओलसर उतारांवर वाढणाऱ्या जाती पुढेही घटत राहिल्या. आधीची मोजणी हाताशी नसती, तर नुसत्या वठलेल्या खोडांवरून हे सांगता आले नसते.

भारतात भारतीय विज्ञान संस्थेच्या रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये तमिळनाडूतील मुदुमलई येथे 50 हेक्टरांचे क्षेत्र आखले. हे पानगळीचे जंगल; पहिल्या गणतीत जेमतेम 26 हजार झाडे. येथे वणवा लागतो, हत्ती झाडे मोडतात, त्यामुळे कोणते झाड मेले आणि कशाने, याची नोंद दरवर्षी करतात. ॲमेझॉनमध्ये साधारण एकेक हेक्टराची शेकडो क्षेत्रे ‘रेनफॉर’ या जाळ्यात आहेत. त्यांपैकी 321 क्षेत्रांचा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला ताळेबंद सांगतो, की झाडांच्या वाढीचा वेग स्थिरावला, मरणदर वाढत गेला, आणि जंगलात साठणारा कार्बन 1990 च्या दशकाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने घटला.

मोजणीची मर्यादाही उघड आहे: झाड मेले हे ती सांगते, का मेले याचा बहुतेकदा अंदाजच देते. कारण शोधायला प्रयोग लागतो. ब्राझीलमधील काशिउआना येथे 2002 पासून बरीच वर्षे एक हेक्टर जंगलात झाडांखाली प्लास्टिकचे छत घालून जमिनीवर पडणारे सुमारे निम्मे पाणी अडवले होते. तेथे सर्वाधिक मेली ती मोठी झाडे. साखरेचा साठा संपून ती उपाशी मेली नव्हती. खोडातील पाणी वाहणाऱ्या नलिका निकामी झाल्याने मेली होती.