पाच हजार स्पॅनिश डॉलर : तळटीप

* लेखक ही रक्कम 'किरकोळ' म्हणतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरीपुरते ते खरे. ६ फेब्रुवारी १८१९ च्या तहाने सिंगापूरच्या वखारीबद्दल सुलतान हुसेनला वर्षाला ५,००० आणि तेमेंगॉंग या स्थानिक सरदाराला ३,००० स्पॅनिश डॉलर ठरले. चांदीची ही नाणी मुख्यतः मेक्सिकोच्या टांकसाळीतली. काही पोटोसीची, म्हणजे आजच्या बोलिव्हियातल्या सेरो रिको या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या डोंगराखालची. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदोने 'मिता' नावाची वेठ लावली आणि दूरदूरच्या गावांतले पुरुष आळीपाळीने तिथे जुंपले गेले. पाठीवर खनिजाचे गाठोडे, पुढच्याच्या अंगठ्याला बांधलेली मेणबत्ती, कातड्याच्या शिड्या. घामाने निथळत वर यावे तर बाहेर हाडे गोठवणारा वारा. दरडीतून वाचला तो धुळीने खोकत मरे. खाली चांदी वेगळी करणाऱ्यांना पाऱ्याची वाफ बाधे. बोलिव्हारने १८२५ मध्ये वेठ कायमची मोडली. डोंगर मात्र अजून पोखरला जातोच: गालात कोकाची पाने, हातात सुरुंगाची कांडी, आणि छातीत सिलिकोसिस. – संपा.